निळे केस

चित्रातल्या त्या पोराचे केस
वारा नसतानाही उडायचे.
केतकी आठवीत असल्यापासून बघते,
माझ्या टोप बांधायच्या खोलीत बसून,
खळ वाळेपर्यंत, मोबाईलवर, जपानीतच.

काल विश्रामबागेत सिनेमा लागला.
तोच पोरगा; पण आता हाडामांसाचा, अमेरिकेतला.
दोघं गेलो. पुढच्या रांगेत कुणीतरी
भडंगाची पुडी सोडली होती.

टोप चांगला होता. खोटं कशाला बोलू.
कपाळावरची जाळी शोधून सापडेना,
एकेक केस ओवलेला,
आमच्या नाटकातल्या राजांना
जन्मात मिळाला नाही असा.
हलत मात्र नव्हता.
वादळ आलं, अख्खं शहर कोसळलं,
केस इस्त्री केल्यागत.

मग बहीण मरते तो प्रसंग.
चित्रात त्याचा एकच थेंब
डोळ्यातून हनुवटीपर्यंत येईतो
केतकीचा चहा निवायचा.
इथं तो नट भडाभडा रडला,
खराखुरा, नाक लाल करून,
आणि केतकीनं घड्याळ बघितलं.

येताना आयर्विन पुलावर गाडी थांबवली.
खाली कृष्णा. पाण्यात दिवे
लांबुळके, थरथरते, खांबावरच्यापेक्षा मोठे.
"बाबा, त्यांचं चुकलं कुठं?"

चाळीस वर्षं मी माणसांना
टोप घालून देव केलंय.
चित्राचा माणूस करायला
कधी कुणी सांगितलंच नाही.

म्हटलं, गॅदरिंगला तुझा टोप मी करतो. निळा.
वाऱ्याचं तेवढं
तुझं तू बघ.