यजमान

या खोलीत कूलर लावायचा नाही.
बाहेर सेहेचाळीस, आत थोडं कमी,
पण ओल आली की बुरशीलाच बुरशी धरते.
म्हणून मे महिनाभर घामाघूम आम्ही दोघं,
मी आणि अटेंडंट डोमाजी,
आणि पत्र्याच्या कपाटांत कोरडीठाक
चार हजार पाकिटं.

डांबरगोळ्यांनी डोकं भणभणतं.
डोमाजी एक पाकीट उघडून हुंगतो :
"मॅडम, ह्या तं सात्या होय.
मटनावानी लागते. वाळवून काऊन ठेवल्या?"
मी नोंद करते : क्रमांक २१३,
वारुळावर, गोरेवाड्याजवळ, १९ ऑगस्ट १९७१,
संग्राहक कु. प्रमिला हेडाऊ.

पाकीट वर्तमानपत्राचं, तिनंच दुमडलेलं.
आतल्या घडीवर सोन्याचा त्या दिवशीचा भाव
शाबूत. छत्री मात्र
सुपारीच्या खांडाएवढी उरलेली.
रंग जातो, वास जातो, हे तिला ठाऊक होतं,
म्हणून चिठ्ठीवर बारीक अक्षरात :
"ताजी असताना पांढुरकी, टोकाशी राखी.
वास ओल्या कणकेचा."
आणि खाली, शास्त्रात न बसणारं :
"हात धुतले तरी गेला नाही."

तिची एकशे अठ्ठ्याऐंशी पाकिटं निघाली.
प्रत्येकावर तोच रकाना.
यजमान : संत्रा, झाड जिवंत.
यजमान : साग, पडलेला.
यजमान : बाभूळ, एक फांदी हिरवी.
चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीनंतर एकही नाही.
"लगन झालं असन," डोमाजी म्हणतो.
असेल. नसेलही.

दुपारी २१३ची केसाएवढी कड कापली,
काचेवर ठेवली, वर पोटॅशचा थेंब.
बराच वेळ काहीच नाही.
मग पदर सुटत गेले, फुगले,
कडेला बीजाणू, काचेसारखे,
एकाहत्तर सालचे, मोजता येतील असे.
डोमाजी एक डोळा मिटून वाकला.
"जित्ती हाय का?"
नाही. पाणी प्यायली फक्त.

तिच्या शेवटच्या पाकिटात
किड्यांनी केलेला तपकिरी भुगा आहे
आणि यजमानाचा रकाना कोरा.
संगणक कोरा रकाना घेत नाही,
दोनदा केकाटतो, तांबडी चौकट दाखवतो.
मी "अज्ञात" लिहिते, पुसते.
"आढळला नाही" लिहिते, तेही पुसते.
डोमाजी म्हणतो, चला, पाणी प्या.
माठ आम्ही दाराबाहेर ठेवतो.