पाकीटभर माती

आर्विड गेला त्यानंतरच्या एप्रिलात
व्हर्ना टॉलेफसनने गॅरेज उघडलं,
तर खताची अर्धी गोणी भिंतीला टेकून बसलेली
आणि शेजारी ते दोन चाकांचं स्प्रेडर,
काटा सहावर.
बेचाळीस वर्षं सहावरच होता.

तळ्यावरचा बर्फ नुकताच फुटला होता.
विस्कॉन्सिनात बर्फ फुटतो तेव्हा आवाज येतो,
दूरच्या खोलीत कुणी कपाटं सरकवतंय असा.
बर्फ फुटला की खत, हा आर्विडचा नेम.
एखादा रविवार चुकेल, हा चुकायचा नाही.

तिने गोणी उचलून पाहिली. उचलेना.
म्हणून, केवळ म्हणूनच,
तिने काउंटीच्या ऑफिसातून एक कागदी पाकीट आणलं,
लॉनच्या दहा जागांवरून चमचा चमचा माती खरवडली
(सूप वाढायचा चमचा, नंतर घासून जागेवर ठेवला)
आणि पाकीट प्रयोगशाळेला पोस्टाने धाडलं.
सोबत चिठ्ठी: गवताला काय हवं ते कळवावे.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं.
स्फुरद: अतिशय जास्त.
शिफारस: शून्य.
खाली कुणीतरी पेनाने, माणसाच्या अक्षरात:
बाई, पुढची पंचवीस वर्षं काही घालू नका.

ती कागद घेऊन स्वयंपाकघरात बसून राहिली.
म्हणजे जेवलेल्याला आपण वाढत होतो.
माती ताटावर आडवा हात धरून
पुरे, पुरे म्हणत होती
आणि आर्विड, भला माणूस,
अजून एक, माझ्यासाठी अजून एक.
ताटात न मावलेलं सगळं
दर पावसात उतारावरून खाली,
जिथे ऑगस्टमध्ये पाणी
वाटाण्याच्या सूपसारखं दाट व्हायचं,
धक्क्यावर ‘पोहू नका’ची पाटी लागायची
आणि आर्विड त्या पाटीशी उभा राहून म्हणायचा,
ही वरच्या डेअरीवाल्यांची करणी.

डेअरीवाल्यांचीही होती. तेही खरंच.

मग तिने फार काही केलं नाही.
मशीनचं पातं दोन खाचा वर चढवलं.
कापलेलं गवत पिशवीत न भरता तिथेच सोडलं.
आणि पाण्यालगतचा बारा फुटांचा पट्टा
कापायचाच नाही असं ठरवलं.
जूनपर्यंत तिथे गुडघाभर लव्हाळी,
आणि कुठून आली कोण जाणे,
निळ्या आयरिसची तीन रोपं.

शेजारच्या ड्वेन कुबियाकला वाटलं, बाई खचली.
रविवारी ती चर्चला गेली तशी
त्याने स्वतःचं मशीन आणून
पट्टा पार पाण्यापर्यंत भादरून दिला,
कडासुद्धा कातरल्या.
ती परतली तेव्हा घाम पुसत उभा,
चेहऱ्यावर तोच,
आर्विडचाच आनंद.

काय बोलणार.
तिने त्याला रुबार्बची वडी आणि कॉफी दिली,
आणि निघताना एक कोरं कागदी पाकीट.
“चमचा स्वच्छ हवा,” एवढंच म्हणाली.

जुलैभर ते पाकीट त्याच्या पिकअपच्या काचेमागे
उन्हाने पिवळं होत पडलं होतं.
मग एक दिवस नव्हतं.
तिने विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये तळं पुन्हा हिरवं झालं. पाटी लागली.
इतक्यात कसं.
पंचवीस वर्षांनी ती शहाण्णवची असेल.
आयरिस मात्र मुळापासून फुटली, तीनातली दोन.

स्प्रेडर तिला टाकवलं नाही.
काटा शून्याकडे ढकलून पाहिला,
गंजला होता, चारच्या खाली येईना.
तिने त्यावर थोडं तेल सोडलं
आणि रात्रभर तसंच राहू दिलं.