अर्धं सूत

लाईट गेली अकराला. आता चारपर्यंत नाव नको.
उदगीर, देगलूर रोड, पत्र्याचं शेड.
आत मी, माझं रंधा मशीन
आणि भिंतीला टेकून उभ्या सात चौकटी
ज्यांना कुणीच सरळ म्हणेना.

मशीन जालन्याहून आणलं, जुनं, भंगाराच्या भावात.
विकणारा मनला, टेबल बघायचं काम नाही.
मीही बघितलं नाही.
अडीच वर्षं फळ्या डावीकडून जाड, उजवीकडून पातळ निघत राहिल्या
आणि अडीच वर्षं मी लाकडाला शिव्या घातल्या.
किनवटचं सागवान ओलं आहे, मनलो.
निंबाची जातच वाकडी, मनलो.
सिद्राम फळी दाबून धरत नाही, मनलो.
गिऱ्हाइकासमोर मनलो.

आज वायर काढून खुंटीला टांगली, पट्टा उतरवला,
भुसा फुंकला,
तेलाचा काळा थर रॉकेलच्या चिंधीनं पुसला.
खाली लोखंड निघालं, मे महिन्यातही गार.
एकाच काठीचे दोन ठोकळे कापले,
एक डावीकडं, एक उजवीकडं,
आणि चाक फिरवत टेबल वर घेत गेलो
केसाकेसानं, श्वास धरून.
उजवा ठोकळा ड्रमखाली अडकला.
डावा बोटानं सरकत होता,
दुधाच्या दातासारखा.

मागं टॉर्च धरली.
डाव्या ठोकळ्यावरून उजेडाची रेघ आली,
उदबत्तीच्या काडीएवढी.
अर्धं सूत.

कापडवाल्याला अर्धं सूत सांगा, हसंल.
पण दार तेवढ्यावरच रुसतं.
तहसीलमागच्या नर्सबाई रोज रात्री
औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून फटीत घालतात,
तेव्हा कुठं कडी लागते.
पावसाळा गेला की बसंल, असं त्यांना मीच सांगितलं.
दोन पावसाळे गेले.

साखळी उतरवली. चार कोपरे, चार स्क्रू.
डावीकडचे दोन, दाता-दातानं, बरोबरीनं.
दहा दात. अकरावा जास्त झाला:
आता डावा अडकला, उजवा मोकळा.
मी एकटाच हसलो. एक दात मागं.
दोन्ही ठोकळे धरले.
टॉर्च लावली, मागं अंधार, नुसता अंधार,
इतका चांगला अंधार मी कधी बघितला नव्हता.

चार वाजून दहा मिनिटांनी पंखा हलला.
दोन पट्ट्या घातल्या, डाव्या कडेनं एक, उजव्या कडेनं एक.
व्हर्निअर लावला. बारा.
दुसरीला लावला. पुसून परत लावला.
बारा.

सिद्रामला फोन केला.
हैदराबादला असतो, किचन बनवणाऱ्या कंपनीत.
मागं त्याच्या मशीनचा आवाज, सरळ, एका सुरातला.
विचारलं, तिकडं टेबल तपासतेत का रे?
मनला, रोज सकाळी, मालक.
मला पुढचं वाक्य जुळवायचं होतं,
ते सकाळपासून जुळवायलोय.
तो मनला, फळी आत गेलीय, ठेवतो.

हातरंधा, पेचकस, दोन पाचरा पिशवीत टाकल्या,
सायकल काढली, मग परत उभी केली.
नर्सबाईंचं दार जड आहे.
उतरवायला दोघं लागतात.