धडा

कारण विचारतात लोक.
अपघात? नाही. आजारपण? तेही नाही.
एका मंगळवारी पावणेपाचचा गजर झाला,
मी तो बंद केला
आणि बुधवारी लावलाच नाही.
तेवढंच. मग चौदा महिने.

सायकल गॅलरीत होती.
हँडलवर पोराची शाळेची पँट, सीटवर पायपुसणं,
आणि खाडीचा वारा तिच्या साखळीत
रोज चिमूटभर मीठ टाकत गेलेला.
नौशादभाईनं साखळीवरून बोट फिरवलं.
"किती दिवस?"
"झाले की दोन-तीन महिने."
त्यानं ते तांबूस बोट माझ्यासमोर धरलं
आणि काही न बोलता फडक्याला पुसलं.

पोहायला गेले तर गॉगलचा रबर
डोक्यावरून ओढतानाच तुटला.
उसन्या गॉगलनं उतरले.
पूर्वी इथे फेऱ्या मोजाव्या लागत नसत,
तास संपला की त्या झालेल्या असत.
आज आठ.
आठवीला कठडा धरून अशी धापले
की शेजारच्या लेनमध्ये फ्लोट धरून पाय मारणारी
सातेक वर्षांची मुलगी थांबली.
"काकू, श्वास तोंडानं घ्यायचा,
आणि पाण्यात नाकानं सोडायचा. सगळा."
मी म्हटलं, बरं.
तसा सोडला. सगळा.
बरोबर होतं तिचं.

हरेश्वर सरांनी तक्ता पाठवलाय,
अपमान वाटावा इतका सोपा.
रविवारी मोराज सर्कल ते किल्ला, एकदाच, आणि परत.
कुणी पुढे गेलं तर जाऊ द्यायचं.
हे शेवटचं वाक्य त्यांनी ठळक केलंय.
चार वर्षं ओळखतात मला.

पहाटेच्या पाम बीचवर घोळका मागून येतो,
आधी चाकांची गुणगुण, मग अंगावर वारा,
मग लाल दिव्यांची माळ, लहान होत जाणारी.
त्यातल्या दोन पाठी माझ्या ओळखीच्या.
अंगठा आपणहून गिअरवर जातो.
मी त्याला परत बोलावते.
येताना डाव्या हाताला तिवरं, ओहोटीचा वास,
आणि मी इतकी हळू
की चिखलात चालणारा एकटा बगळा
नीट बघून झाला.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

घड्याळाला मात्र माझे जुने आकडे पाठ आहेत.
ते विसर म्हणून सांगायचं बटण
मला अजून सापडलेलं नाही.

अण्णा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात तोलणार होते.
माल टाकण्याआधी धडा करायचे:
एका पारड्यात रिकामं घमेलं,
दुसऱ्यात हाताला लागेल ते, खडे, खिळे,
एकदा तर स्वतःच्या चपलेचा तुटका अंगठा,
काटा थरथरून मधोमध थांबेपर्यंत.
व्यापारी ओरडायचा, भरा की लवकर!
अण्णा मान वर न करता म्हणायचे,
रिकाम्याचं कळू दे आधी.
मी दहा वर्षांची, गोणीवर बसून
कंटाळून पाय हलवत असायची.

आज पळणं. म्हणजे एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं.
नेरुळच्या तळ्याकाठी
नाडकर्णी काका मला मागे टाकून गेले,
दोन्ही गुडघे नवे बसवलेले, हातात काठी,
ती ते टेकवतसुद्धा नव्हते.
वळणावर थांबले, माझ्या बुटांकडे पाहिलं.
"नवीन दिसताय?"
घरी फ्रीजमागे खिळ्याला टांगलेलं मेडल आहे:
दोन किलोमीटरला थोडं कमी पोहून,
नव्वद सायकलवर,
वर एकवीस पळून मिळालेलं.
जिभेवर आलं होतं.

"हो," म्हटलं. "दुसराच आठवडा."
"होईल, होईल. घाई नको," म्हणाले
आणि निघाले तरातरा.

मनगटावर घड्याळ वाजलं.
एक मिनिट होतं.
पळाले.