सुरीला कळतं

अलेक्झांड्रियात, बहरीच्या कोपऱ्यावर,
एकेचाळीस वर्षं मी काळीज कापतोय.
जिरं, लसूण, हिरवी मिरची, लोखंडी तवा.
वासराचं ओल्या रेशमासारखं सुटतं.
म्हाताऱ्या गाईचं निबर,
सुरी मध्येच अडते, कर्र वाजते.
त्या कर्रचे पैसे मी खाटकाकडून कापून घेतो.

पोटावर गार जेल लावून डॉक्टर मारियान म्हणाली,
‘शहाता काका, हलू नका.’
यंत्रानं बरगड्यांमधून टिचकी मारली.
टक्. टक्. दहा वेळा,
कलिंगडवाला मारतो तशी.
पडद्यावर चौदा.

‘वल्लाही, दारूचा थेंब नाही!’
‘माहीत आहे. ही चरबी. आणि वय.’

चरबी तिशीतही असेल म्हणाली,
पण तेव्हा यकृत रातोरात धुऊनपुसून मोकळं व्हायचं.
आता पेशी थकतात, मरत नाहीत,
काम सोडतात नि घरी जात नाहीत.
हे मला लगेच समजलं.
आमच्या कहवाखान्यातले गोदीचे म्हातारे!
निवृत्त होऊन बारा वर्षं झाली,
एक चहा चार तास,
आणि दिवसभर एकच ओरड:
काहीतरी मोडलंय, कुणीतरी या.
ओरड ऐकून गवंडी येतात.
मोडलेलं फारसं नसतं, तरी लिंपत सुटतात,
भिंत लिंपतात, मग दार,
मग खिडकी.

‘खरवडलं तर निघतं?’
‘थोडं. वजन उतरवलंत तर.
या वयात सावकाश.’

घरी नगातनं तुपाचा डबा शेजारणीला देऊन टाकला.
मला काही बोलली नाही.
नातीला तेवढं कुशीत ओढून म्हणाली, ‘या किब्दी’,
माझ्या काळजा.
हा शब्द या घरात मीठ मागावं इतक्या सहज येतो.
आज तो ऐकून
माझा हात उजव्या बरगडीखाली गेला
आणि तिथंच राहिला.

सकाळी खाटकानं पुन्हा निबरच दिलं.
माझ्या तोंडाकडे बघत उभा,
घासाघीस कधी सुरू होते म्हणून.
‘तोल,’ मी म्हणालो. ‘पूर्ण भाव.’

सुरीला धार लावली, दोनदा.
निबर काळीज घाईनं कापायचं नसतं.
कागदासारखं पातळ,
आडवं, शिरा चुकवत,
मंद आचेवर, झाकण ठेवून.

एका पोरानं दोन पाव खाल्ले.
विचारलं नाही
गाय किती वर्षांची होती.