पहिलं की दुसरं

पंच्याऐंशी पौंड भरून आम्ही सहाजण
सकाळी आठपासून कुंपणाशी उभे आहोत.
हेरफर्डशरचा फेब्रुवारी. चिखल बूट सोडत नाही.
बाकीच्यांकडे तोफांएवढ्या लेन्स.
माझी सेकंडहँड, रबर सैल झालेली,
लेम्स्टरच्या दुकानात मी लोकांचे डोळे तपासते
त्या पगारातून हप्त्याने घेतलेली.

ग्वेनिथ, इथली राखणदार, सांगते:
लेन्स जाळीला टेकवा. पार टेकवा.
अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, लांडगा लांब असू द्या,
तार आपोआप विरघळेल.

आणि खरंच,
आत्ता जिथे चौकोन चौकोन होते
तिथे नुसती बर्चची झाडं
आणि झाडांमधून येणारा तो,
जणू याला कधी कुणी मोजलं नाही,
टोचलं नाही, नाव ठेवलं नाही.

खटखटखटखट.
अ‍ॅलिस्टर, निवृत्त सर्व्हेअर, पुटपुटतात,
'अगदी जंगलातला वाटतो.'
या देशाच्या जंगलात लांडगा नाही, कित्येक शतकं.
हे आठही इथेच जन्मले, बाटलीच्या दुधावर वाढले,
मंगळवारी आणि शुक्रवारी
त्यांना मेलेलं वासरू मिळतं.

दहिवडीला मामाच्या मेंढरांमागे भिवा असायचा.
तो लांडगा म्हणत नसे. 'ते' म्हणायचा.
'ते आलं हुतं राती. त्याचं कोकरू हुतं, घिऊन गेलं.'
त्याचं कसं? मी विचारायची.
भिवा तंबाखू मळत राहायचा.
मी तिथे लांडगा कधी पाहिला नाही.
पाहिली ती सकाळची माती
आणि तिच्यावर पंज्यांची सरळ ओळ,
धावदोरा घातल्यासारखी.

सँडविचनंतर टॅन्सी आली.
'म्हातारी आहे,' ग्वेनिथ म्हणाली,
'फोटोत नीट येत नाही.'
कॅमेरे खाली झाले, फ्लास्क उघडले.
मी जाळीपाशीच राहिले.
ती वास घेत घेत आली,
नाक पुढे, डोकं जरासं डावीकडे वळलेलं.
मला ते वळणं माहीत आहे.
रोज दहा-बारा जण माझ्या खुर्चीत बसतात,
हनुवटी टेकवतात
आणि बऱ्या बाजूने अक्षरं पकडू बघतात,
गाडीचं लायसन्स जाईल या भीतीने.

फोकस केला.
उजवा डोळा मधासारखा.
डाव्यात साय.

'मोतीबिंदू,' मी मराठीतच म्हणाले, मोठ्याने.
मग इंग्रजीत.
ग्वेनिथने मान हलवली.
'ठाऊक आहे. तीन वर्षं झाली.
भूल सोसायची नाही तिला आता.
कुंपण पाठ आहे, म्हणून निभतंय.
बाहेर असती तर केव्हाच…'
वाक्य तिथेच ठेवून तिने बादली उचलली.

जे मी अर्धा दिवस फोटोतून पुसत होते
ते हिच्या मिशांना खांबागणिक पाठ.

सवयीने तोंडावर आलं,
आता बघा. पहिलं बरं दिसतं की दुसरं?
टॅन्सीने तारेवर अंग घासलं.
तिच्या श्वासाची वाफ माझ्या काचेवर बसली.
काच न पुसता मी एकच फोटो काढला.

घरी मोठ्या पडद्यावर उघडला.
धुकं आहे. तार आहे.
तारेत अडकलेला राखाडी पुंजका
केस मोजता येतील इतका स्पष्ट.
मागे कुठेतरी ती,
नाहीतर बर्चचं खोड.

अ‍ॅलिस्टरनी त्यांचे एकशे चाळीस पाठवलेत.
सगळे लांडगे मोकळे.

सोमवारी साडेनऊला मिस्टर प्रोबर्ट आले,
हनुवटी टेकवली, डोकं हळूच डावीकडे नेलं.
मी म्हटलं, घाई नाही.
हवं तर आणखी जवळ या.