जन्मापासून आजपर्यंत

हॅनकॉकच्या इस्पितळाच्या तळघरात बसते मी,
एकतीस वर्षं.
वर माणसं बरी होतात, नाहीतर मरतात.
खाली त्यांचे कागद
ना बरे होतात, ना मरतात.

फेब्रुवारीत समन्स आलं.
आयली रुओनावारा. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते.
लाकडाच्या वखारीत पायरी खचली, गुडघा गेला,
तिने दावा लावला.
वखारीच्या विमा कंपनीचा वकील,
ग्रँड रॅपिड्सचा कुणी डेलाहंट,
मागतो आहे सगळ्या नोंदी,
जन्मापासून आजपर्यंत.

एका गुडघ्यासाठी.

तिची वकीलबाई फोनवर म्हणते,
गुडघ्याचं तेवढं द्या, बाकी हात लावू नका.
त्याचं पत्र येतं: सगळं द्या,
नाहीतर न्यायालयाचा अवमान.
तीन महिने हा चेंडू इकडून तिकडे,
आणि मी मधली जाळी.

फाइल मी आधीच चाळली होती.
चाळावीच लागते, पानं मोजायला;
पानामागे पैसे घेतो आम्ही.
चारशे बारा.
गोवर. मधमाशी. टायफॉइडचा नुसता संशय.
एक्याण्णव साली, रात्री अडीच वाजता,
चार ओळींत संपलेलं बाळ.
त्यानंतर अकरा मंगळवार समुपदेशकाकडे.
बाराव्या मंगळवारी फक्त:
आली नाही. हिमवादळ.

गुडघा येतो तो पान तीनशे अठ्ठ्याऐंशीवर.
पण डेलाहंटला हवेत ते मंगळवार.
तो म्हणणार, बाई आधीपासूनच दुखावलेली होती,
आमच्या पायरीने नवीन काय केलं?

पुढच्याच पानावर नर्सने लिहिलंय:
वेदना दहापैकी किती विचारलं. पेशंट हसली. सहा म्हणाली.
हे पान त्याला मिळणारच.
मी इथलीच. मला माहीत आहे
आमच्याकडे सहाला हसतात,
नवालाही हसतात,
दहाला म्हणतात, कॉफी आहे का?
पण हे लिहायला फॉर्मवर रकाना नाही.

मे महिन्यात न्यायाधीशांचा हुकूम आला.
दहा वर्षांचं, गुडघा आणि कंबर, दोन्ही बाजूंना.
उरलेलं मोहोरबंद पाकिटात माझ्याकडे;
मी एकटा वाचेन.
एकटा.
मीही एकटीनेच वाचलं होतं.

प्रती काढायच्या आदल्या दिवशी ती स्वतः आली,
काठी टेकत, जिना उतरून,
लिफ्ट आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
माझी फाइल मला बघता येते का?
येते. ओळखपत्र, सही, तारीख.

तासभर वाचत होती.
एक्याण्णवचं पान तिने न थांबता उलटलं.
थांबली ती सहासष्टवर.
टॉन्सिल्स. वय पाच.
खाली कुणा रात्रीच्या नर्सचं तिरकं अक्षर:
वडील खाणीतून थेट आले. रात्रभर खुर्चीत.
बूट बाहेर काढायला सांगितले. काढले.

"हे मला कुणी बोललंच नाही," ती म्हणाली.
"ते तर म्हणायचे, मला इस्पितळाचा वास सहन होत नाही."

याची प्रत मिळेल?
दिली. पैसे लावले नाहीत.
मग वरून फोन आला, मी पाठ वळवली,
परत आले तेव्हा ती निघाली होती,
फाइल नीट बांधून.

दुसऱ्या दिवशी मोजली. चारशे बारा.
पाकिटात भरताना सहासष्टचं पान हाती आलं.
नवंकोरं, पांढरं,
कडेला आमच्या मशीनची ती राखाडी पट्टी.
पिवळं पान नव्हतं.

न्यायाधीशांना काय, ते एकटेच वाचणार
की एका माणसाने बूट काढले.

मी शपथपत्र पुढे ओढलं.
सोबतच्या प्रती मूळ कागदांवरून काढल्या आहेत,
खऱ्या आणि पूर्ण आहेत.
सही केली.
नाव, हुद्दा, तारीख. व्हर्ना टिक्कानेन.
मग मशीन बंद करून
जरा वेळ तशीच बसले.